लाभ, दोन, तीन

शिवाजीनगरच्या कचेरीतून निघताना
साहेबांनी टॅबलेट हातात दिला. म्हणाले,
दोनच गोष्टी विचारायच्या:
येत्या रब्बीला काय पेरणार, किती गुंठे;
आणि घरात धान्य किती, किलोमध्ये.
सतरा घरं झाली की फोटो टाका.

मलठणच्या पुढं एसटी वळून जाते
आणि धुळीत मी उरते,
गळ्यात ओळखपत्र, त्यावर जुना, जाड फोटो.

बबुशा डफळ गोठ्यात शेण भरत होते.
काय पेरणार?
ते हत्तीला विचारा, म्हणाले.
हस्त बरसला तर शाळू,
कोरडाच निघून गेला तर पेरतोय कशाला.
टॅबलेटात हत्तीचा रकाना नव्हता.
मी 'अनिश्चित'वर बोट ठेवलं.
त्यांनी वाकून वाचलं.
अनिश्चित कुठं बाई,
बियाणं कधीच निवडून ठेवलंय.

पुढच्या घरात दोन भाऊ, एक बांध.
धाकटा म्हणे कांदा लिहा,
थोरला म्हणे लिहा, आणि मागल्या सालचा
चाळीत सडलेलाही लिहा शेजारी.
बराच वेळ मी दाराशी उभी.
मग आतून, भाकरीच्या थापट्यांमधून आवाज आला:
अर्धा एकर शाळू लिही गं.
कडबा नसला तर म्हशी काय
ह्यांचं भांडण खातील?
दोघं गप्प झाले.
मी तेवढंच लिहिलं.

शेवंताबाई पोकळ्यांच्या घरी अजून कणगी आहे,
शेणामातीनं लिंपलेली, तोंडाशी लिंबाचा वाळला पाला.
किती आहे?
आहे की.
म्हणजे किती?
सुनेचं बाळंतपण निघेल इतकी.
त्यावर दोन पायल्या बियाण्याच्या,
त्याला मीसुद्धा हात लावत नाही.
आणि एक पायली पाहुण्यांची.
कोणते पाहुणे?
ते अजून आले नाहीत.

किलोमध्ये, मी म्हटलं. मला माझीच लाज वाटली.
त्यांनी पदर खोचला, अधोली काढली,
काठ झिजून पातळ झालेली,
आणि माझ्यासमोर मापायला बसल्या.
लाभ.
दोन.
तीन.
एक का नाही म्हणालात?
एक म्हटलं की संपायला लागतं.
अकराला हात थांबला.
पुढचं मोजू नये.
कणगीलाही लाज असते.

मी रकान्यात 'लाभ' लिहून पाहिलं.
लाल चौकट उमटली: कृपया अंक भरा.
भरला. एकशे चाळीस.
त्यातले शंभर त्यांचे,
चाळीस साडेपाचच्या एसटीचे.

निघताना त्यांनी ओंजळभर ज्वारी
माझ्या ओढणीच्या टोकात बांधली.
दुसऱ्याचं मोजून
रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणे.

शुक्रवारी कचेरीत पडद्यावर जिल्हा हिरवा झाला.
शिरूर जरा फिकट, पण हिरवाच.
साठा समाधानकारक, साहेब म्हणाले,
आणि चहाला सांगितलं.
तेवढ्यात गुलटेकडीच्या कुठल्याशा गाळ्यातून फोन:
यंदा शाळू किती धरलाय?
साहेबांनी दार लोटून घेतलं.
मी त्या हिरव्यात हत्ती शोधत राहिले,
भांडणारे दोघं, आतला तो आवाज,
अजून न आलेले पाहुणे.
हिरवा रंग सगळीकडे सारखाच होता.

रात्री धनकवडीच्या खोलीत
ओढणीची गाठ सोडली.
दाणे स्टीलच्या डब्यात पडले
तेव्हा केवढा तरी आवाज झाला, रिकाम्या डब्याला होतो तसा.
लाभ, मी म्हटलं.
दोन म्हणायला काही नव्हतं.

मेहरून केस पुसत आली.
दळण टाकायचंय सकाळी, ज्वारी आहे का आपल्याकडं?
मी झाकण लावलं.
आहे की.